भाषणातला 'जर' कुठं गेला?

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि.

पत्र लांबलंय हे आधीच सांगतो. वाचकांच्या पत्रांना दीडशे शब्दांची मर्यादा असते ते मला माहितीये, पण विषयच असा आहे की हे पत्र कापलं तर मी ज्याबद्दल लिहितोय तेच त्याचंही होईल. तेव्हा छापायचं तर सगळं छापा, नाहीतर राहू द्या, राग नाही.

मी एसटीच्या अकाउंट सेक्शनमधून रिटायर झालेला, साताऱ्यात राहणारा माणूस. अर्थशास्त्र वगैरे शिकलेलो नाही, आयुष्यभर कंडक्टरांची वेबिलं (तिकिटांच्या हिशेबाचे कागद) तपासली, त्यामुळे एक खोड लागलीये, खाली बेरीज दिसली की वरचे आकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. घरात किराणाच्या बिलाचं पण तेच करतो, मंडळी वैतागतात.

तर झालं असं की जूनच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या इथल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये एक व्याख्यान झालं, विषय 'रेपो दर आणि आपलं घर'. बोलायला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या, अर्थशास्त्राच्या रिटायर प्राध्यापिका (नाव देत नाही, त्यांनाच नकोय). ६ जून २०२५ ला रिझर्व्ह बँकेनं रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, एकदम अर्धा टक्का खाली आणला होता, फेब्रुवारीत ६.५० होता तो ६.२५, मग एप्रिलमध्ये ६ आणि आता ५.५०, त्यामुळे हॉल भरलेला. ज्येष्ठ मंडळी एफडीच्या काळजीनं आलेली आणि तरुण पोरं हप्त्याच्या आशेनं. मी उशिरा पोचलो, शेवटच्या रांगेत खुर्ची मिळाली, आणि वरून पाऊस. हॉलला पत्रा आहे. साताऱ्यातला जूनचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की माइकवाला काय करणार, निम्मं भाषण मी मॅडमच्या हातवाऱ्यांवरून समजून घेतलं असं म्हणलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपला पेपर उघडला, आत स्थानिक पानावर बातमी होती, हेडिंग 'कर्जं आणखी स्वस्त होणार'. खाली आठ-दहा ओळी, मॅडमचं नाव, फोटोत समई.

आता मला निम्मंच ऐकू आलं होतं हे खरं, पण त्या निम्म्यात एक वाक्य मात्र स्पष्ट ऐकलं होतं कारण नेमका तेव्हा पाऊस थांबला होता, आणि ते 'जर' नं सुरू झालं होतं. जर महागाई अशीच आटोक्यात राहिली आणि जर पाऊसपाणी नीट झालं तर कदाचित अजून थोडी जागा उरेल, असं काहीतरी. दोन जर आणि एक कदाचित. हेडिंगमध्ये तिन्ही नाहीत.

तुम्ही म्हणाल एवढ्याशा शब्दाला काय धरून बसायचं. तर ऐका. माझा भाचा तेव्हा फ्लॅट बघत होता, बोलणी पक्की होत आली होती, त्यानं हेच हेडिंग वाचून बिल्डरला सांगितलं की ऑगस्टपर्यंत थांबतो, व्याज उतरतंय. बिल्डरनं पार्किंग फुकट देतो म्हणून सांगितलं होतं ते जुलैअखेरपर्यंतच होतं. ६ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेनं दर आहे तिथंच ठेवला, ५.५०. पार्किंगचे पैसे भाच्यानं भरले आणि वर मला म्हणतो मामा तुम्ही तर भाषणाला होता ना, सांगायचं नाही का. काय सांगणार, पत्रा.

पण ते नंतरचं. मी बातमी वाचल्याच्या दिवशीच ठरवलं की पूर्ण भाषण मिळवायचं. वाचनालयातून मॅडमचा पत्ता घेतला आणि त्यांना पोस्टानं पत्र लिहिलं. नातू म्हणाला आजोबा व्हॉट्सअॅप करा, नंबर मिळेल. म्हणलं ओळख ना पाळख, एकदम मोबाईलवर 'हाय मॅम' करायचं आणि पीडीएफ पाठवा म्हणायचं हे काय बरं दिसतं का. त्यानं मग स.न.वि.वि. म्हणजे काय विचारलं, ते सांगण्यात पाऊण तास गेला. पत्रात मी एवढंच लिहिलं की मी शेवटच्या रांगेत होतो, पावसामुळे नीट ऐकता आलं नाही, पेपरात जे आलं ते आणि मी ऐकलं ते जुळत नाही, तर आपल्याकडे भाषण लिहिलेलं असेल आणि आपली हरकत नसेल तर एक प्रत मिळेल का, झेरॉक्सचा आणि पोस्टाचा खर्च मी देईन, आणि तुम्हाला विचारल्याशिवाय ते पुढं कुणाला देणार नाही. सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं आणि तिकिटं लावलेलं मोठं पाकीट जोडलं.

बारा दिवसांनी माझंच पाकीट परत आलं, टम्म फुगलेलं. हातानं लिहिलेली १७ फुलस्केप पानं, समासात पेन्सिलीनं बारीक बारीक टिपा, एका पानावर चहाच्या कपाचा गोल. वर एक चिठ्ठी. लिहिलं होतं की आत्तापर्यंत भाषण संपल्यावर लोक माझ्याकडे शेअर कुठला घ्यावा हे विचारायला येतात, भाषणाची प्रत मागणारे तुम्ही बऱ्याच वर्षांत पहिले, खर्चाचं विसरा. पुढं द्यायचं असेल तर जरूर द्या पण सगळं द्या, मधलंच पान काढून देऊ नका, आणि वरची तारीख पुसू नका कारण व्याजदराचे आकडे दुधासारखे असतात, तारीख बघूनच वापरायचे.

ती १७ पानं मी तीन दिवस वाचत होतो. आणि खरं सांगतो, आठ-दहा ओळींच्या बातमीत जे आलं नाही तेच तर आमच्या कामाचं होतं.

आता बघा, आमच्या हॉलमधल्या लोकांपैकी निम्म्यांची कर्जं पतसंस्थेची. मॅडमनी सरळ सांगितलं होतं की १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग (बदलत्या व्याजाची) घरकर्जं बाहेरच्या एखाद्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, जोडावी लागतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर नव्यानं लावावा लागतो, म्हणून तिथं रेपो उतरला की हप्त्यात किंवा मुदतीत फरक दिसतो. पण पतसंस्था या नियमात नाही, ती सहकार खात्याच्या कायद्याखाली चालते, रिझर्व्ह बँक तिच्या व्याजाला हात लावत नाही. म्हणजे हेडिंग वाचून जे खूष झाले त्यातल्या कितीतरी जणांना रेपो पाचावरून चारावर आला तरी काडीचा फरक पडणार नव्हता. ही गोष्ट बातमीत यायला पाहिजे होती की नाही तुम्हीच सांगा.

दुसरं एफडीचं. त्यांनी आकडा मांडून दाखवला होता. ३० लाखाचं कर्ज २० वर्षांचं, साडेआठ टक्क्यांनी हप्ता साधारण २६,००० आणि साडेसात टक्क्यांनी साधारण २४,२००, म्हणजे पोराचे महिन्याला अठराशे वाचले. त्याच घरात आजोबांची १० लाखाची एफडी, तिच्यावरचं व्याज एक टक्का उतरलं तर वर्षाला १०,००० गेले, महिन्याला ८३३. एकाच छपराखाली एकाला मिळालं आणि एकाचं गेलं. फक्त पोराचं लगेच दिसतं आणि आजोबांचं एफडीची मुदत संपल्यावर, कारण जुन्या एफडीचा ठरलेला दर मोडत नाही, नवीन दर नव्या ठेवीला. हे वाचून मी उठलो आणि कपाटातल्या पावत्यांच्या मुदती बघितल्या. मार्चमध्ये एक संपतीये. असो.

आणि महागाई उतरली म्हणजे भाव उतरले असं नाही, भाव वाढायचा वेग उतरला, हेही त्यांनी तूरडाळीवरून समजावलं होतं. ग्राहक किमतींच्या निर्देशांकात, म्हणजे तेव्हा २०१२ च्या पायावर जो काढायचे त्यात, खाण्यापिण्याचं वजन जवळपास ४६ टक्के होतं, म्हणून पाऊस बिघडला आणि टोमॅटो-कांदा भडकला की मुंबईत मिंट रोडवर रिझर्व्ह बँकेत बसलेल्या लोकांना पण दर ठरवताना त्याच्याकडे बघावं लागतं. म्हणून तो 'जर पाऊसपाणी नीट झालं' होता! उगाच बोलायचं म्हणून बोललेला नव्हता.

माझी एक शंका राहिली ती मी दुसऱ्या पत्रात विचारली. बँकांकडचा बराचसा पैसा तर आपल्या ठेवींचा असतो, रिझर्व्ह बँकेकडून रेपोनं त्या घेतात तो त्यामानानं थोडा, मग तेवढ्याशा पैशाचा दर बदलला तर सगळ्या बाजाराचे दर का हलावेत. उत्तरात मॅडमनी एक चित्र काढून पाठवलं, तीन रेघा. मधली रेपोची ५.५०. वरची ५.७५, बँकेला अडीनडीला रातोरात पैसे लागले तर रिझर्व्ह बँक त्या दरानं देते. खालची ५.२५, बँकेकडे जादा पैसे पडून असले तर ते रिझर्व्ह बँकेकडे ठेवून एवढं मिळतं, ही खालची सोय एप्रिल २०२२ पासूनची. खाली लिहिलं होतं, मला ५.२५ घरबसल्या मिळत असतील तर मी दुसऱ्या बँकेला त्याहून कमीनं का देऊ, आणि मला ५.७५ नं रिझर्व्ह बँकेकडं मिळत असतील तर मी दुसरीकडं जास्त का मोजू. म्हणून बँकांचा आपसातला एका रात्रीचा दर सहसा या दोन रेघांच्या मधेच फिरतो, आणि रेपो हलला की तिन्ही रेघा हलतात. एवढं सोपं. ते चित्र मी फ्रेम करणार होतो, मंडळींनी नको म्हणलं.

आता वेबिलाची खोड. पान ४ वर मॅडमनी लिहिलं होतं की दर ठरवणारी सहा जणांची समिती २०१५ मध्ये आली. मला वाटलं काहीतरी घोळ आहे, लायब्ररीत जाऊन बघितलं तर फेब्रुवारी २०१५ मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँकेत महागाईच्या लक्ष्याचा करार झाला होता, समिती मात्र २०१६ च्या कायदादुरुस्तीनं आली आणि तिची पहिली बैठक ऑक्टोबर २०१६ मध्ये. आता एवढ्या मोठ्या प्राध्यापक बाई, त्यांना चूक दाखवायची कशी. दोन दिवस पेन उचललं नाही. शेवटी असं लिहिलं की पान ४ वरचं साल मला नीट लागलं नसावं, करार आणि समिती यातलं आपण कोणतं धरलंय ते कळवाल का. आठवड्यात पोस्टकार्ड आलं, 'चूक माझीच. दोन्ही एकात मिसळले. प्रतीवर आपल्या हातानं दुरुस्त करा आणि खाली सही करा. गोखल्यांना जोशी होते, मला तुम्ही मिळालात.'

कुठले जोशी ते मला माहिती नव्हतं, लाज वाटली. परत लायब्ररी.

तर ते रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी. सरकारी हायस्कुलातले मास्तर, हेडमास्तर झालेले, सरकारी नोकरीमुळे पुढं येऊन बोलायची सोय नाही, पण सरकारी जमाखर्चाचे आकडे तोंडपाठ. २६ मार्च १९०२ ला कलकत्त्याच्या कौन्सिलात लॉर्ड कर्झनसमोर नामदार गोखल्यांनी बजेटवर पहिलं भाषण केलं, वय ३५, गुरू न्यायमूर्ती रानडे जाऊन जेमतेम वर्ष झालेलं, त्यामुळे आकडे कुणाला दाखवायचे तर जोशींना. पत्रापत्री करून, टिपणं मागवून ते भाषण उभं राहिलं. आणि भाषणात काय तर सगळे सात कोटींच्या शिलकीबद्दल सरकारचं अभिनंदन करत होते आणि गोखले उठून म्हणाले मला मनापासून या अभिनंदनात सामील होता येत नाही.

कारण काय तर चलन! हे मला तर नवीनच होतं. १८९३ ला सरकारनं टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या, म्हणजे चांदी देऊन रुपये पाडून घेता येईनात, रुपया टंचाईनं वर गेला, तेरा पेन्सवरून सोळा पेन्सवर. सरकारला विलायतेत पाठवायचे असत पौंड, तेवढ्याच पौंडाला आता रुपये कमी लागायला लागले, पण इकडं रयतेकडून कर मात्र पहिल्याइतकेच. मधला फरक म्हणजे ती शिल्लक. आणि ज्या बाईच्या अंगावर चांदीचे तोडे होते तिला दुष्काळात ते मोडायला गेल्यावर हातात रुपये कमी. सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट पण आमच्या एफडीच्या घरासारखीच, एका बाजूला वाचलं ते दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून आलं होतं. पुढच्याच वर्षी, १९०३ ला, मिठावरचा कर मणाला अडीच रुपयांचा दोन झाला आणि प्राप्तिकराची सूट ५०० वरून १,००० च्या उत्पन्नापर्यंत गेली. सगळं त्या एका भाषणामुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण ते भाषण अख्खं छापून लोकांच्या हातात गेलं होतं हे नक्की. कल्पना करा त्याची आपल्या पद्धतीनं बातमी झाली असती तर, 'सात कोटींच्या शिलकीवर गोखले बोलले'. फोटोत समई.

लांब कशाला, आपले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले. १९४८ मध्ये गव्हर्नरच्या खुर्चीवर असताना पुण्याला गोखले इन्स्टिट्यूटमध्ये काळे स्मृती व्याख्यान द्यायला आले, विषय भारतातल्या मध्यवर्ती बँकेचा आजवरचा प्रवास. ते इन्स्टिट्यूटनं पुस्तिका करून छापलं, आज इतक्या वर्षांनीसुद्धा कुणालाही पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचता येतं. त्या दिवशी हॉलबाहेर पाऊस होता की नाही यानं काही बिघडत नाही.

असो, मुद्द्यावर येतो. मॅडमची परवानगी घेऊन मी भाषणाच्या ४० प्रती काढल्या, १७ पानं, पानाला २ रुपये, १,३६० रुपये झाले, ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर वर्गणी काढली. झेरॉक्सवाल्यानं पिना मारून दिल्या. आणि इथं माझी चूक झाली ती पण सांगतो, फक्त पेपरवाल्यांना बोलायचं आणि आपली झाकायची हे बरोबर नाही. कट्ट्यावरच्या एकानं पिन काढून पान ९ चा फोटो काढला आणि कुठल्यातरी ग्रुपवर टाकला. पान ९ ची पहिली ओळ होती, 'ठेवींना हे पाच लाखांचं विम्याचं संरक्षण नसतं, हे लक्षात ठेवा.' आणि पान ८ ची शेवटची ओळ कुठं संपत होती माहितीये? 'पतसंस्थेतल्या'.

झालं. पान ८ नाही, नुसतं ९. वाक्य 'पतसंस्थेतल्या ठेवींना' असं होतं, बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा आहेच, फेब्रुवारी २०२० पासून आहे, आधी तो १ लाख होता, हे सगळं पान ८ वर व्यवस्थित लिहिलेलं. पण फोटोवर कुणीतरी लाल अक्षरात 'रिझर्व्ह बँकेच्या मॅडमचा इशारा!! ठेवी सुरक्षित नाहीत!! पुढे पाठवा' असं चिकटवलं आणि संध्याकाळपर्यंत ते फिरून फिरून माझ्याच सुनेच्या ग्रुपवर आलं. ती मला दाखवायला लागली की बाबा हे बघा काय चाललंय, बँकेत जाऊया का सकाळी. मी अक्षर ओळखलं. चहाच्या कपाचा गोल पण होता त्या पानावर.

त्या रात्री मी मॅडमना फोन केला, पहिल्यांदाच, पत्राची वाट बघण्यासारखं नव्हतं. माफी मागितली. रागावतील असं वाटलं होतं. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, चूक वाक्याची आहे, पान उलटताना वाक्य तुटायला नको होतं, आणि मी रिझर्व्ह बँकेत एक दिवस पण नोकरी केलेली नाही हे पण कुठंतरी लिहायला पाहिजे होतं. मग दोघांनी फोनवरच ठरवलं. आता प्रत्येक पानाच्या वर विषय आणि तारीख, खाली 'पान ९, एकूण १७' असं, आणि 'ही मतं वक्त्याची, रिझर्व्ह बँकेची नाहीत' ही ओळ. कुठलंही वाक्य एका पानावरून दुसऱ्यावर जाणार नाही. नातवानं सगळं टाइप करून दिलं, १७ ची २१ पानं झाली पण चालेल. जुन्या ४० प्रतींपैकी २६ परत गोळा झाल्या, बाकीच्या १४ कुणाच्या तरी माळ्यावर असतील.

आता तुमच्या पेपरबद्दल. तुमचे इथले वार्ताहर मला भेटले, सज्जन माणूस आहे, चार गावांच्या बातम्या एकटा मोटरसायकलवर फिरून करतो. त्यानं मोबाईलमध्ये त्याची पाठवलेली मूळ बातमी दाखवली, त्यात 'महागाई आटोक्यात राहिली तर' असं स्वच्छ लिहिलं होतं. वर ऑफिसात जागा कमी पडली, कुणीतरी ओळ उडवली, हेडिंग लावलं. कुणाचा वाईट हेतू नव्हता. जुन्या काळात खिळे जुळवताना पण ओळी उडायच्याच.

आणि हो, तुम्ही म्हणाल की ५ डिसेंबरला रेपो पाव टक्का उतरून ५.२५ झालाच की, म्हणजे आमचं हेडिंग खरं ठरलं. ठरलं ना! पण का उतरला, ऑक्टोबरमध्ये किरकोळ महागाई पाव टक्क्यावर आली म्हणून, ०.२५, म्हणजे मॅडमचा 'जर' पुरा झाला म्हणून. तो नसता झाला तर? आमच्या भाच्याला ऑगस्ट आणि डिसेंबर यातला फरक पार्किंगच्या पैशात मोजावा लागला.

माझी आपल्याला विनंती छोटी आहे. रिझर्व्ह बँक गव्हर्नरांचं निवेदन त्याच दिवशी हिंदी-इंग्रजीत जाहीर करते, बैठकीनंतर चौदाव्या दिवशी सहाच्या सहा जणांनी कुठं मत दिलं आणि का दिलं ते नावानिशी बाहेर येतं, इतकं सगळं उघड्यावर असताना आमच्यापर्यंत मराठीत येते ती एक ओळ, दर वाढला की कमी झाला. रोज नको, वर्षात सहा वेळा तर बैठक असते. त्या सहा दिवशी तरी एखादं निवेदन अर्धं पान मराठीत जसंच्या तसं द्या, जर-तर सकट. आणि गावोगावच्या व्याख्यानांच्या बातमीखाली एक ओळ टाका, पूर्ण भाषण हवं असल्यास अमुक वाचनालयात वाचायला ठेवलंय. वक्त्याला आधी विचारा, मागितलं तर लोक देतात असा माझा तरी अनुभव आहे, इतकी वर्षं कुणी मागितलंच नाही म्हणून त्यांनी दिलं नव्हतं.

आमच्या वाचनालयात मॅडमच्या भाषणाची दुरुस्त प्रत दोरी बांधून टेबलावर ठेवली आहे, दोरी यासाठी की पान सुटून जाऊ नये. बघायला येणाऱ्यांची वही पण आहे, काल ३१ सह्या झाल्या होत्या, त्यातल्या दोन तुमच्या वार्ताहराच्या.

परवा मॅडमचं पाकीट आलं. मार्चमध्ये त्यांचं कोल्हापूरला भाषण आहे, रोख राखीव प्रमाण (बँकांना ठेवींतला जेवढा हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो तो) ४ टक्क्यांवरून ३ वर चार टप्प्यांत आणलं त्यावर. कच्चा खर्डा पाठवलाय, २३ पानं, वर पेन्सिलीनं लिहिलंय, 'बोलण्याआधी बघून द्या, साल आणि बेरजा विशेष. पान ६ वर मलाच शंका आहे.' पान ६ काल रात्री बघितलं, तिथं काही चूक नाही, पान ११ वर मात्र चार टप्प्यांची बेरीज सव्वा टक्का होतीये, पत्र लिहायला घेतलंय.

आपला नम्र,
एक वाचक, सातारा
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये)